गव्हाणीतलं रडणं

बाबा,

परवा आमच्या चर्चमध्ये नाताळच्या नाटकाची तालीम चालली होती आणि गव्हाणीत बाळ ख्रिस्त म्हणून बाहुली ठेवलेली दिसली. बाहुली रडत नाही, म्हणून सोयीची. तुम्हाला ते पटलं असतं, म्हणून लिहायला बसले.

तुमसरला तुम्ही प्रचारक होतात. आपलं चर्च राइस मिलच्या मागे, त्यामुळे रविवारीही बाकांवर कोंड्याची धूळ असायची. एकदा मुलांच्या वर्गात तुम्ही विचारलंत, ख्रिस्त देव की माणूस? मी मिलशेजारी वाढलेली, उभी राहून म्हणाले, "धानासारखा. वरून टरफल माणसाचं, आत दाणा देवाचा." वर्गाला उत्तर आवडलं. तुम्ही मात्र तापलात. "टरफल तर फेकून देतेत. त्याचं माणूसपण फेकाचं आहे का? पुरा देव, पुरा माणूस. अर्धं-अर्धं कराचं नाही." सगळ्यांनी माना हलवल्या, कळलं कुणालाच नव्हतं. मला तर मुळीच नाही, वर चारचौघांत बोलणी खाल्ली याचा रागही आला.

मग आणीबाणी उठली त्या वर्षीचा नाताळ. नागपूरहून मोठे पाद्री आले होते आणि प्रचारकाचे पाळक होण्याची तुमची दीक्षा त्यांच्या शब्दावर अडली होती. नाटकात मी मरिया, आणि गव्हाणीत आपला धाकटा, अजून अंगावर पिणारा. आईला तुम्ही बजावलं होतं, पोट भरून आण, रडला नाही पाहिजे. मेंढपाळ गुडघे टेकतात आणि हा भोकाड पसरतो. तुम्ही पडद्याआडून दातओठ खाता आहात. "चूप कर त्याले. देव कायले रडन?" आई सतरंजीवरून उठते, सरळ गव्हाणीपाशी येते आणि त्याला पदराखाली घेते. "भूक लागली त्याले," एवढंच म्हणते. मेंढपाळ गुडघ्यांवरच ताटकळतात. पाद्री हसले. दीक्षाही मिळाली. तरी तुम्ही कितीतरी दिवस आईशी धड बोलला नाहीत, आणि पुढच्या वर्षी गव्हाणीत बाहुली आली.

ऐंशी सालानंतर तुमचं पोटाचं दुखणं बळावलं. भंडाऱ्याच्या दवाखान्यात मंडळीतली माणसं भेटायला यायची आणि त्यांच्यासमोर तुम्ही उशी दातांत धरून कण्हणं दाबायचात. पाळकच रडला तर लोकांनी कोणाकडे पाहायचं, असं तुमचं म्हणणं. एका दुपारी आईने ती उशी काढून घेतली. "रडा जी. ख्रिस्तबी रडलाच होता. तुमीच तं सांगून राहिले होते, पुरा माणूस." मग तुम्ही रडलात, सगळ्यांसमोर, मोठ्याने, धाकट्यासारखे. माझा जीव तुटत होता, पण लाज वाटली नाही. उलट तुम्ही पहिल्यांदाच जवळचे वाटलात. थोड्या वेळाने तुम्ही पाणी मागितलंत. आईने चमच्याने पाजलं. त्याच आठवड्यात तुम्ही गेलात.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी पुढचं तुम्हाला वाचू द्यायचा धीर मला झाला नसता. प्रार्थनेला बसले की मला रडणारा ख्रिस्तच दिसतो. त्याच्यावर माझा विश्वास आहे. मेलेल्यांना उठवणारा जो, तो मी फक्त तुमच्या शब्दावर धरून चालले आहे. अर्धं-अर्धं करायचं नाही म्हणाला होतात. मला अजून अर्धंच जमलंय, बाबा.