सात ते आठ

मंगळवार, तारीख १४

बाळ्यास ताईचा आशीर्वाद.

तुमच्या विजेच्या ऑफिसला डोळे आहेत की नाही, ते आधी सांग. घरोघरी कागद वाटलेत, संध्याकाळी सात ते आठ सगळं बंद ठेवा, शहराची वीज वाचवा. आम्ही ठेवलं. आणि मी लादी पुसते त्या कपड्यांच्या शोरूममध्ये त्याच तासाला दोनशे दिवे चालू, एसी चालू, दारं सताड उघडी. मॅनेजरला विचारलं तर म्हणतो, "मावशी, आम्ही जास्त दराने बिल भरतो. तो कागद घरांसाठी आहे." पुतळ्यांना उकडतं वाटतं.

मी बरी आहे. मशीनवाला आईचं ऑक्सिजनचं मशीन घेऊन गेला. घरात आता आवाज नाही. काल दूध उतू जात होतं, मी समोर उभी राहून बघत होते.

तुझं पत्र वाचलं. आपल्या गल्लीच्या वायरमनने त्या संध्याकाळी लाइन बंद केली, म्हणून मशीन थांबलं आणि आई गेली, असा अर्ज तू दिलास. शुक्रवारी चौकशी, त्याची नोकरी जाईल म्हणतोस. तू फोनवर विचारलंस, "ताई, लाइट गेली होती का?" मी हो म्हटलं. घर माणसांनी भरलं होतं, मला बोलत बसायचं नव्हतं.

लाइट गेली नव्हती.

आई रोज सातला नाकाची नळी सावरत, काठी टेकत घरभर फिरायची आणि एकेक बटण बंद करायची. म्हणायची, "माझ्या लेकाच्या ऑफिसचं काम आहे." मशीनला मात्र हात लावायची नाही. त्या दिवशी कामाला निघताना मी म्हटलं, "दिवे कसले विझवतेस? सगळ्यात जास्त वीज तुझं मशीन खातं. ते सांगितलंस का लेकाला?" चेष्टेत म्हटलं. मला उशीर झाला होता.

सव्वासातला मी शोरूमची काच पुसत होते. तिथून आपली बिल्डिंग दिसते. सगळ्या खिडक्या काळ्या. वाटलं, बरं आहे, ऐकतात लोक.

साडेआठला घरी आले. जिन्यातला दिवा चालू होता. आई खुर्चीत होती, नळी नाकाला तशीच. मशीनचं बटण बंद. बंद केल्यावर पिनसुद्धा काढून ठेवली होती, वायर नीट गुंडाळून.

त्या वायरमनने काही केलेलं नाही. अर्ज मागे घे. कारण लिहावं लागलं तर माझं नाव लिही, मी काय बोलले तेही लिही. आणि साहेबांना विचार, तो एक तास दुकानांनाही का देत नाही. त्यांचं काही थांबणार नाही.

गुरुवारपर्यंत फोन कर. मागे घेतला की नाही, एवढंच सांग. सात ते आठ करू नकोस, तेव्हा मी काचेपाशी असते. साडेआठनंतर घरी असते. सगळे दिवे लावून बसते.

तुझी,
ताई