ताईचं थँक्सगिव्हिंग

ईलिंग, लंडन, ३ नोव्हेंबर २०२५

ती. सुहासताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद-पेन घेतलं. न्यू जर्सी सोडून आम्हाला तीन वर्षं झाली, पण तिथले सण काही सुटत नाहीत. चार जुलैला अनयने बागेत बार्बेक्यू लावला, तर शेजारचे इंग्रज आजोबा म्हणाले, आमच्या तावडीतून सुटलात म्हणून आम्हालाच जेवायला बोलावता होय! परवा हॅलोविनला दारात भोपळेही कोरून ठेवले.

आता २७च्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग. अनयच्या ऑफिसातले अमेरिकन लोक येतील. जेवताना प्रत्येकाने आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते सांगायचं असतं. तू नक्की ये. माझी उर्वीही कॉलेज बुडवून तुमच्या नॉटिंगहॅमहून येतेय, तिच्याबरोबरच ये. आईच्या वर्षश्राद्धाला १८ला मात्र जमणार नाही गं, मंगळवार पडतो. गेल्या वर्षीचं मनात ठेवू नकोस. आई इतकी अचानक जाईल असं कुणाला वाटलं होतं?

तुझ्या लोभावर हक्क सांगणारी,
देविका

नॉटिंगहॅम, ८ नोव्हेंबर २०२५

चि. देविकास,
अनेक आशीर्वाद.

येते. आईची तिथीही दरवर्षी तारीख बदलते आणि तुझं थँक्सगिव्हिंगही. पण तिथीला तुला सवड नसते, थँक्सगिव्हिंगला मात्र असते, ते कसं?

अचानक म्हणालीस म्हणून आठवण करून देते. त्या सोमवारी मी तुला फोन केला, बुधवारी परत केला. डॉक्टर म्हणून सांगते, आता इकडे यायला निघ, असं म्हटलं होतं. तू म्हणालीस थँक्सगिव्हिंगची टर्की आणून ठेवलीय, माणसं बोलावलीत, शुक्रवारी सकाळी निघते. शुक्रवारी आलीसही. आई गुरुवारीच गेली होती.

असो. एवढ्या माणसांचं तू एकटी किती करशील? चार पदार्थ मी करून आणते. श्राद्ध मी एकटीने उरकेन, काळजी नसावी.

आशीर्वाद आहेतच.
ताई

ईलिंग, ३० नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न.

तू डबे उघडलेस तेव्हाच मला कळलं होतं. वडे, तांदळाची खीर, आमसुलाची चटणी, गवारीची भाजी! लोकांसमोर काय बोलणार? सगळ्यांनी वडे मागून मागून घेतले. अनयच्या साहेबांच्या बायकोने तर कृती विचारली, आणि तू हसत हसत सांगितलीस.

मग तुझी पाळी आली. तू म्हणालीस, मी या घराच्या ओव्हनबद्दल कृतज्ञ आहे, त्याने गेल्या वर्षी याच गुरुवारी माझ्या बहिणीला अडकवून ठेवलं, म्हणून आई पूर्णपणे माझ्या एकटीच्या वाट्याला आली. वर हेही सांगितलंस, की तुम्ही आत्ता जेवलात ते तिच्या श्राद्धाचं. कुणाचा घास पुढे जाईना. अनय दोन दिवस माझ्याशी बोललेला नाही.

तेही सोसलं असतं. पण उर्वीला मी सांगितलं होतं, की तुझा फोन येण्याआधीच आजी गेली. ती त्याच संध्याकाळी तुझ्याबरोबर ट्रेनमध्ये बसली. आता फोन घेत नाही. ख्रिसमसला येणार नाही, एवढा एक मेसेज आला. ताई, माझी एकुलती एक पोर आहे गं. तिचा तुझ्यावर विश्वास आहे. आजी माझ्यावर रागावून गेली नाही, एवढं तरी तिला सांग. तुझ्या पाया पडते.

देविका

नॉटिंगहॅम, ५ डिसेंबर २०२५

चि. देविकास,
आशीर्वाद, उरले असतील तेवढे.

मला जराही वाईट वाटत नाही. वर्षभर मी त्या गुरुवारची वाट बघत होते, आणि वडेही मनासारखे झाले. उर्वी शनिवार-रविवार इथे असते. आजीच्या खोलीत झोपते, नीट जेवते.

आई रागावून गेली का, विचारतेस. शेवटी तिला धड दिसत नव्हतं. दार वाजलं की देवी आली का, म्हणून विचारायची. त्या दुपारी नर्स आली तेव्हाही विचारलं. मला ऐकवेना. मी तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, आले. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला. देवी, तू आलीस, बरं वाटलं, म्हणाली. सुहासला मात्र कामापुढे आई दिसत नाही, म्हणाली. मग गेली.

अकरा वर्षं तिला न्हाऊमाखू घातलं मी, देविका.

तेव्हा, नाही, ती तुझ्यावर रागावली नव्हती. तुला भेटूनच गेली. उर्वीला हे कळलं तर ती पुढच्या ट्रेनने तुझ्याकडे येईल, इतकी हळवी आहे पोर. मी सांगणार नाही. तू खुशाल सांग. तुझा शब्द तिला खरा वाटतो का, बघ.

ख्रिसमसला ती माझ्याकडे आहे. लोभाचं यंदा काही मागू नकोस.

ताई