स्टोव्हचा पंप कुणाचा

गिरजाताई,

उद्या खंडेनवमी. चाकणच्या शेडमध्ये मशिनींच्या पूजेआधी माझ्या आजोबांच्या फोटोला हार पडतो, कारण स्टोव्हचा पंप त्यांनी शोधला. यंदा फोटोखाली पेटंटचा नंबर कोरावा म्हणून जुने कागद धुंडाळले. शोध लावणारे म्हणून नाव निघालं त्यांच्या धाकट्या भावाचं, तुझ्या आजोबांचं. माझे आजोबा नुसते साक्षीदार.

गेल्या पूजेला तू म्हणालीस, "भावा, पंप आमच्या म्हाताऱ्याचा हाय."

मी म्हणालो, "तुमचा म्हातारा नुसती हवा भरायचा, ताई!"

सगळी शेड हसली. तू प्रसाद न घेताच गेलीस.

नुसत्या आवाजावरून गेलेलं बेअरिंग ओळखतो मी. तू खरं बोलतेयस, हे तेव्हाच ऐकू आलं होतं.

आता भिंत रिकामी आहे. तुझ्या आजोबांचा फोटो मागायला दापोडीला दोनदा आलो, आणि कडी न वाजवताच दारातून परतलो.

तुझा,
बबन