कपाटाचा डावा हात

बुधवार, १४ ऑगस्ट

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक. तुझ्या आईचा गुडघा हवेप्रमाणे मत बदलतो. माझं पथ्य मी सोडून घरातले सगळे पाळतात. तू आईला फोन करतेस तेव्हा मी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत असतो. वाचतो कसला, पान उलटायचंसुद्धा विसरतो. कान तिखट म्हणून तुझं निम्मं बोलणं ऐकू येतं, उरलेलं आई गाळून सांगते.

पत्राचं कारण पुढे येईल. आधी बातमी. मी शाळेत जायला लागलोय. हसू नकोस. चौथीत सोडली होती, आता थेट बालवाडीत घेतलंय मला.

झालं असं, की कारखान्यामागच्या बालवाडीला आपण बुटकी स्टुलं दिली. पोचवायला गेलो तर बाई फळ्यावर चित्र काढून 'वर-खाली' शिकवत होत्या आणि पोरं जांभया देत होती. न राहवून म्हटलं, "बाई, बसल्या जागी वर-खाली कसं कळणार? चढावं लागतं, उतरावं लागतं."

"मग या दर बुधवारी. दाखवा करून."

आगाऊ बोलणारा फसतो तो असा.

एक बिनझाकणाची मोठी पेटी केली, एक बुटका पूल आणि दोन्ही तोंडं उघडी असलेलं लाकडी भुयार. पेटीच्या आत, पेटीच्या मागे, पुलावरून, पुलाखालून. मी हाळी देतो, बावीस पोरं धावतात. एक गुबगुबीत गृहस्थ आहेत, त्यांना मी कारभारी म्हणतो. "भुयारातून!" म्हटलं की हे मधेच बैठक मारतात. मागची रांग खोळंबते, आणि आतून आवाज येतो, "थांबा रे, मी अजून 'तून' आहे!"

हे दोन आठवड्यांत जमलं. मग डावं-उजवं घेतलं. मी मुलांसमोर उभा राहून उजवा हात उंच करायचो. "उजवा!" की समोर हात वर, एकजात. "उजवीकडे उडी!" की सगळी फौज माझ्याच बाजूला. मला वाटलं, काय शिकवतोय मी!

फक्त एक पोरगी नेमकं उलटं करायची. खडू डाव्या हाताने धरते. मी जवळ जाऊन तिचा हात खाली करायचो, दुसरा वर करून द्यायचो. प्रेमानेच, पण सगळ्यांदेखत. ती एकदा म्हणालीसुद्धा, "खडूचा नाही, तो उजवा." मी म्हटलं, "आजोबांकडे बघायचं आणि करायचं." असे तीन बुधवार. चौथ्या बुधवारी ती टेबलाखाली जाऊन बसली आणि बाहेर येईना.

त्याच दिवशी बाई मुलांपुढे पाठमोऱ्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उजवा हात वर!" वळून बघतात तर एकवीस डावे हात. हसून हसून बेजार. "अहो आजोबा, समोर तोंड करून उभं राहिलं की आपला उजवा त्यांच्या डाव्यासमोर येतो! अख्खा वर्ग फिरवलात की तुम्ही."

मीही हसलो. ती मात्र टेबलाखालीच.

मग मी टेबलाखाली शिरलो. कमरेने निषेध नोंदवला. म्हटलं, "तुझं बरोबर होतं. माझं चुकलं."

"मला माहीत होतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "इथे नका सांगू. बाहेर सांगा."

ठमे, इथवर लिहून मी दोन येरझाऱ्या घालून आलो.

वसतिगृहाची ती तीस कपाटं. गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीत होतं, बिजागऱ्या डावीकडे. तू म्हणालीस, "बाबा, समोर उभ्या माणसाचं डावं." मी सगळ्या कारागिरांपुढे म्हणालो, "कपाटाला पाठ असते, पोट असतं. त्याचा डावा हात तोच डावा. तू डावखुरी, तुला उलटंच दिसणार." मी, मालक, हसलो म्हणून कारागीर हसले. बिजागऱ्या माझ्या मताने लागल्या, आणि तीसच्या तीस दारं खाटांवर आपटायला लागली. फोनवर मी गिऱ्हाइकाला सांगितलं, "मुलीने ड्रॉइंगमध्ये घोळ घातला." तू दारात उभी होतीस. हातातली टेप टेबलावर ठेवलीस आणि गेलीस. सात वर्षं झाली.

हे तुला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते सांगतो. त्या चिठ्ठीला दुसरं पान होतं. त्यावर कपाट, कपाटासमोर काडीचा माणूस आणि त्याच्या डाव्या हाताकडे बाण. ते पान मी पाहिलं फोन करायच्या तासभर आधी. म्हणजे तुझं बरोबर आहे हे कळल्यावर मी तुझं नाव पुढे केलं. चौथीतून उठलेल्या माणसाने उभा केलेला कारखाना, आणि त्या मालकालाच डावं-उजवं कळत नाही, अशी बाजारभर टिंगल होईल म्हणून घाबरलो. आणि तुझ्या आईला वर ऐकवत राहिलो, "मी मुलात-मुलीत कधी डावं-उजवं केलं नाही." ती भाजी निवडत राहायची.

परवा कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना एकत्र बोलावून खरं काय ते सांगितलं. थोरले मिस्त्री डबा बंद करत म्हणाले, "मालक, बिजागऱ्या आम्हीच लावल्या होत्या. तेव्हाच कळलं होतं आम्हाला."

"मग बोलला का नाहीत?"

"ती बोलली होती. तिचं काय झालं ते बघितलं की आम्ही."

मी उठलो आणि जुन्या फायली काढल्या.

ते दुसरं पान सोबत पाठवतोय. ठेव, फाड, गिऱ्हाइकाला दाखव, तुझी मर्जी. आई म्हणते, "घरी ये म्हणून लिहा." ते मी लिहीत नाही, तो हक्क मी घालवलाय. 'उत्तर दिलं नाहीस तरी चालेल' असं मात्र वर लिहिलं होतं, ते खोडून टाकलं. चालणार नाही. शिव्या दे, पण दे.

कळूनही गप्प बसलेला,
तुझा बाबा