सगळ्यांच्या वर

३ जून
सडा टाकून झाला होता, कुकर लावला होता, वांग्यांना पाणी सोडायला निघाले होते, तेवढ्यात सचिनचा फोन आला की काकू, सोमवारपासून कामावर येजा. मागच्या आठवड्यातली ती सकाळ अजून डोळ्यांपुढे आहे. हे गेल्यावर वाचनालयातली पुस्तकं आणून प्रोग्रामिंग शिकले, ते कामी आलं.
आज पवनारहून बसने सिंदी मेघेला आले. ऑफिस लहान, पण टेबल खिडकीशी मिळालं. सचिन भाजीच्या अडत्यांसाठी बिलाचे प्रोग्राम करतो. माझं पहिलं काम : स्क्रीनवरच्या बिलाच्या खिडकीवर वजनाच्या चार बटणांची छोटी करडी चौकट, म्हणजे टूल विंडो, सतत वर ठेवायची.

५ जून
‘नेहमी सर्वांत वर’ ही सोय चालू केली. झालं काम! सचिन हसला. म्हणाला, काकू, तुमची खिडकी सासूवानी साऱ्याइच्या डोक्यावर बसून राह्यली, दुसऱ्या प्रोग्रामच्याही. तिने फक्त आपल्या मुख्य खिडकीच्या वर राहावं, म्हणून तिची ओनर, म्हणजे मालक खिडकी कोणती ते सांगावं लागतं.
पडताळायला दुसरा प्रोग्राम हवा, म्हणून ह्यांचा फोटो उघडला. धाम नदीवरचा, हसरा. टूल विंडो नेमकी चेहऱ्यावर बसली.

७ जून
ओनर दिला, जुनी सोय काढली. आता ती कॅल्क्युलेटरच्या मागे जाते, कॅलेंडरच्या मागे जाते. फक्त ह्यांच्या फोटोवर येते. माउसने बाजूला ओढली की परत तिथेच. अख्खी सकाळ ह्यातच गेली. वैताग आला. सचिनला दाखवलं तर म्हणतो, कुठं काय काकू, चेहरा साफ दिसून राह्यला.
मला काय दिसतं ते मला कळत नाही का?

१० जून
प्रोग्रामच काढून टाकला. घरी आले, मोबाइलमध्ये तोच फोटो उघडला. चेहऱ्यावर करडी चौकट, चार बटणं.
भिंतीवरच्या फोटोवरही. हार दिसतो, कॉलर दिसते. पदराने काच पुसली. पुन्हा पुसली.

११ जून
डोळे मिटून आठवून पाहिलं. हात आठवतात. आवाज आठवतो. चेहऱ्याच्या जागी — तीच.
संताप होतो. एवढंच तर उरलं होतं माझ्याकडे.

१२ जून
नलूला बोलावलं. ह्यांची धाकटी बहीण, चेहरा अगदी ह्यांच्यासारखा. दारात आली. साडीवरून ओळखली. मानेच्या वर —
चहाही टाकला नाही. उद्या परत ये म्हटलं.

१३ जून
नलूला समोर बसवलं. म्हटलं, तुझा दादा कसा दिसायचा ते सांग, मी लिहून घेते. वहिनी, असं काऊन विचारून राह्यल्या, म्हणत रडली. मग सांगू लागली.
कपाळ रुंद. भुवया जुळलेल्या. डोळे बारीक, हसले की आणखी बारीक. नाक — लिहिलंय मी, पण त्या ओळीवर करडी —