सगळ्यांचा दुसरा

प्रिय एइरोनी,

एकाच बेटावर, एकाच मतदारसंघात राहून मी तुला पत्र लिहितोय. पोस्टातली पोरगी पाकिटावरचा पत्ता बघून हसेल. हसू दे. तू आपलं घर सोडून भावाकडे राहायला गेल्यापासून रस्त्यात भेटलो तरी आपण हवापाण्याचंच बोलतो, आणि मला सांगायचंय ते रस्त्यात मावणारं नाही.

आपली नाउरूची संसद एवढीशी, पण तिथं निवडून जायची रीत अजून पुष्कळांना नीट सांगता येत नाही. मलाही कुणी शिकवली नाही; फॉस्फेटच्या कारखान्यात यंत्राचे पट्टे मापून जोडता जोडता मी अपूर्णांक शिकलो. उभ्या असलेल्या प्रत्येकाला क्रमांक द्यायचा, एक जरी नाव कोरं राहिलं तरी मत बाद. पहिल्याला पूर्ण मत, दुसऱ्याला अर्धं, तिसऱ्याला एक तृतीयांश. इतकी वर्षं मी हे सगळ्यांना समजावलं, या खेपेला स्वतःच उभा राहिलो.

मत मागायला कोनराडकडे गेलो, तो जाळं विणत बसला होता. म्हणाला, "लुडविगदादा, पहिला माझ्या मेव्हण्याला, नाहीतर बायको घरात घ्यायची नाही. पण दुसरा तूच! अर्धं मत पक्कं." माझी सख्खी बहीण तर माशावर नारळाचं दूध ओतता ओतता म्हणाली, "रागावू नकोस रे, पहिला आमच्या जावयाला, जावई तो जावई. तुला दुसरा दिलाय, तोही हसतमुखानं." मी मान डोलावत मनात बेरीज करायचो, दोन अर्धी म्हणजे एक. घरी आलो की बेरीज थांबायची. एका माणसापुरता मासा भाजला तर त्याचा वासही घरभर पुरत नाही. तू म्हणायचीस, "तुझ्यासोबत जेवायचं म्हणजे गणिताचा पेपर." आता चूक काढायलाही समोर कुणी नसतं.

मोजणीला पुढेच बसलो होतो. लुडविग, दोन. लुडविग, दोन. कोनराड मागून ओरडला, "दादा म्हणजे सगळ्या गावाचा दुसरा नवरा!" सगळे हसले, मीही हसलो. आणि मग एकदाच, फक्त एकदाच, "लुडविग, एक." लोकांनी एकमेकांना कोपरं मारली. स्वतःचंच असणार, दुसरं काय!

एइरोनी, ते माझं नव्हतं. स्वतःच्या नावापुढे एक घालायला माझा हात धजला नाही. शाळेतल्या बाईही उभ्या होत्या, पहिला मी त्यांना दिला आणि स्वतःला दोन, गावासारखाच.

अर्ध्यांच्या बेरजेनं मी सगळ्यांच्या वर आलो. बहिणीच्या अंगणात जेवणं झाली, गाणी झाली, मग जो तो आपल्या माणसाचा हात धरून घरी गेला.

मत गुप्त असतं, कुणी कुणाला विचारू नये. हे लोकांना सांगणारा मीच, म्हणून तुला विचारत नाही. मंगळवारी शपथ आहे. घरच्या माणसासाठी एक खुर्ची राखून ठेवतात. कारकुनानं विचारलं, "कुणाचं नाव लिहू?" मी तुझं सांगितलं. तो म्हणाला, "त्या नाही आल्या तर?" मी म्हटलं, तर रिकामी राहू दे. त्या खुर्चीसाठी माझ्याकडे दुसरं नाव नाही.

तुझाच,
लुडविग