अकरा वाजताची सही

१४ मार्च

प्रिय वन्सं,

नमस्कार. फोन हाताशी असताना या बाईला पत्र लिहायची हौस कुठून आली, असं तुम्ही म्हणाल. इतकी वर्षं तुम्ही लोकांची पत्रं दारोदार वाटलीत, पण तुमच्या स्वतःच्या दारात विजेच्या बिलाशिवाय काही आलं नाही, असं मागे म्हणाला होतात. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं. शिवाय फोनवर माझ्या आवाजावरून तुम्ही मी जेवले की नाही तेसुद्धा ओळखता. हल्ली मला त्याची जरा धास्तीच वाटते.

इकडे सगळं ठीक. धाकटीचा दात पडला आणि तो शाळेत हरवला, त्यावरून दोन दिवस घर डोक्यावर घेतलं होतं. तुमच्या भावाने नवा चष्मा केला आणि पहिल्याच दिवशी त्यावर बसले. हॉटेलात गर्दी आहे. माझ्याकडे झाडायला नेहमीच्याच तळमजल्याच्या सोळा खोल्या, आणि पोहायच्या तलावाकडे जाणारा तो बोळ.

त्याच बोळात पडून मोडलेल्या खुब्याचं कसं आहे? रात्री कूस बदलता येते का? डॉक्टरांनी एप्रिलअखेरपर्यंत दुसरं ऑपरेशन सांगितलंय, नाहीतर काठी जन्माची, हे यांनी मला घरी येऊन सांगितलं. काठी टेकत टपाल वाटणारी बाई कुणी ठेवून घेणार नाही, हे मलाही कळतं. बायकांनी काय करावं यावर तुमच्या पोस्टात आधीच पुष्कळ मतं आहेत.

वकीलबाईंकडे हे तुमच्याबरोबर आले होते, त्यामुळे तिथलं सगळं मला कळलं. पहिला रस्ता ग्राहक मंचाचा. तो म्हणे लवकर संपतो, पण तुम्ही मला कामावर मिळालेल्या पासवर दोन दिवस फुकट राहिला होतात, मग तुम्ही ग्राहक कशा, असं हॉटेल विचारणार. दुसरा रस्ता दिवाणी दाव्याचा, आणि तो संपेपर्यंत धाकटीचं लग्न होईल. तिसरा म्हणजे आधी नोटीस धाडायची आणि दाव्याच्या भीतीने त्यांना ऑपरेशनचा खर्च उचलायला लावायचा. रस्ता कुठलाही धरा, फरशी ओली होती, तिथे 'जपून चाला'चा पिवळा बोर्ड नव्हता आणि हॉटेलच्या माणसांना ते ठाऊक होतं, एवढं दाखवावं लागेल म्हणाल्या. नोकराची चूक ती मालकाची चूक, असंही म्हणाल्या. कॅमेरा आहे, पण त्याचं तोंड तलावाकडे. बोळाकडे त्याची पाठ आहे.

मला विचाराल तर फार ताणू नका. ते जे देतील ते घेऊन मोकळं व्हा. (आमच्या मॅनेजरने तुमच्यासाठी फळांची टोपली आणि आणखी दोन दिवसांचा पास देऊ केलाय. म्हणजे दुसरा खुबाही मोडून घ्यायला या.)

एक सहज विचारते. पडलात तेव्हा कुठून येत होतात, असं वकीलबाईंनी विचारलं, आणि तुम्ही 'खोलीतून' म्हणालात, असं हे सांगत होते. तसंच म्हणालात ना? बरं.

तुमची,
गडबडे

(लग्न होऊन आले तेव्हा दोन पायांत दोन जोडांच्या चपला होत्या म्हणून तुम्ही ठेवलेलं नाव. अजून तेच चालू आहे.)


२ एप्रिल

वन्सं,

घाईत लिहिते आहे. नोटिशीला हॉटेलचं उत्तर आलं, ते तुम्ही वाचलं असेलच. सोबत त्यांनी त्या दिवसाच्या सफाईच्या तक्त्याची नक्कल जोडली आहे. चादरींच्या खोलीच्या दारामागे तो कागद लटकवलेला असतो, दर तासाला एक चौकट. 'अकरा वाजता, बोळ, फरशी तपासली, कोरडी', आणि पुढे सही. तुम्ही पडलात अकरा वाजून दहा मिनिटांनी. म्हणजे दहा मिनिटं आधी फरशी कोरडी होती आणि तुम्ही तुमच्याच चपलेने घसरलात, असं त्यांचं म्हणणं.

सही माझी आहे. मी नाही म्हणत नाही.

आज मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. आजवर कधी बसायला सांगितलं नव्हतं, आज खुर्ची पुढे ओढली. म्हणाला, "तुम्ही घरच्याच की, तुमच्याकडून एक जबाब लागेल. सही माझी आहे आणि फरशी मी तपासली, बास, दोन ओळी." मी विचार करून सांगते म्हटलं. "विचार कसला करायचा त्यात? सही खोटी आहे का?" म्हणाला. मी मान हलवली. कशी हलवली, हो की नाही, ते आता मला आठवत नाही.

वन्सं, मी पाया पडते, हे प्रकरण मागे घ्या. ऑपरेशनचं आपण काहीतरी करू. काय करू ते विचारू नका. यांच्यापुढे बोलता येत नाही, तुमच्यापुढे येत नाही. काल वेणी घालताना थोरली म्हणाली, "आई, तू माझे केस धरून नुसती उभी आहेस."

उत्तर पाठवा. फोन नको.

गडबडे


९ एप्रिल, सकाळचे दहा
पोस्टातल्या बाकावरून

वन्सं,

तुमचं कार्ड परवा आलं. दोनच ओळी. 'काळजी करू नकोस. चहा चांगला झाला होता.'

दुसरी ओळ वाचली आणि मी न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडला. तुम्हाला सगळं ठाऊक आहे. तक्ता बघितल्या क्षणीच कळलं असणार, कारण अकरा वाजता मी कुठे होते हे जगात दोघींनाच माहीत आहे. तरी तुम्ही वकीलबाईंना आपल्या राहायच्या खोलीतून येत होते म्हणून सांगितलंत. तुमचा पाय जात असताना तुम्ही माझी नोकरी सांभाळत बसलात, आणि मी तुम्हाला प्रकरण मागे घ्या म्हणून लिहीत होते. मला माझी किळस येते.

आता जे झालं ते एकदा माझ्या हाताने लिहिते.

साडेदहाला कुणा पाहुण्याच्या हातून अंगाला लावायच्या तेलाची बाटली बोळात पडली. मी काचा उचलल्या, साबणाचं पाणी ओतून अर्धी फरशी घासली. तेवढ्यात तुम्ही टॉवेल खांद्यावर टाकून येताना दिसलात. "काय गडबडे, पाहुण्यांना चहा विचारायची पद्धत नाही का तुमच्या हॉटेलात?" म्हणालात. पाच मिनिटं म्हणून मी तुम्हाला चादरींच्या खोलीत नेलं. तिथलं दार आपोआप मिटतं, म्हणून आम्ही पिवळा बोर्ड अडवून ठेवतो. त्या दिवशीही तो तिथेच होता. अकरा वाजता तुम्ही उलट्या बादलीवर बसून तुमच्या साहेबाची नक्कल करत होतात आणि हसताना माझा अर्धा चहा सांडला. किती दिवसांनी तशी हसले होते. मग तुम्ही उठलात, त्या बोर्डाला वळसा घातलात आणि गेलात. 'जरा थांबा, तिकडे साबण आहे' एवढं म्हणायला काय लागत होतं? मी कप विसळत होते. मग आवाज आला.

तुम्ही खाली पडून माझ्याकडे बघत होतात आणि मी आधी काय केलं माहीत आहे? धावत जाऊन बोर्ड आणला आणि तुमच्या डोक्याशी उभा केला. मग तुमचा हात धरला. तुम्ही ते पाहिलंत. आजवर एका शब्दाने बोलला नाहीत.

राहिली सही. ती अकरा वाजताची नव्हतीच. आम्ही सगळ्या जणी सकाळी आठला आल्या आल्या दिवसभराच्या सगळ्या चौकटी भरून टाकतो. सोळा खोल्या झाडायच्या, तासातासाला पेन कोण शोधणार? आमच्या वरच्या बाईंनीच पहिल्या दिवशी शिकवलं. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. तुमच्या शेजारणीने एकदा म्हटलं होतं, बाहेर जातेय, रजिस्टरच्या पत्राची सही आत्ताच करून ठेवते, पत्र मागाहून टाका. त्यावर तुम्ही तिला दारात उभं करून ऐकवलं होतंत, की पत्र हातात पडल्याशिवाय सही म्हणजे खोटी साक्ष. मी तेव्हा फिदीफिदी हसले होते.

जबाबाचा कागद टाइप होऊन तयार आहे. आज बारा वाजता त्यावर सही करायची आहे. ती झाली की तुमचं प्रकरण संपलं, वकीलबाईंनाही काही करता येणार नाही.

सकाळी निघताना मी यांना सगळं सांगितलं. बूट घालत होते, एक बूट पायात आणि एक हातात, तसेच बसून राहिले. म्हणाले, "नोकरी जाईल." मी म्हटलं, "हो." मग म्हणाले, "ताईला चालता यायला हवं." आणि दुसरा बूट घातला.

हॉटेलात गेले, कपडे बदलले, रोजच्यासारख्या चौकटी भरल्या. मग तक्ता खिळ्यावरून काढला, घडी करून पिशवीत टाकला आणि मागच्या दाराने इथे आले. खिडकीवरच्या बाई तुमच्याच पठडीतल्या आहेत. म्हटलं, या कागदावर वेळेचा शिक्का मारून द्या. "असा कुठल्याही कागदावर मारता येत नाही." मी तिथेच रडायला लागले. रांगेतली माणसं बघत होती. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तिकीट घ्या, कागदाला चिकटवा. तिकिटावर शिक्का मारणं माझं कामच आहे."

हा कागद पालथा करा, वन्सं. मागे आजचा तक्ता आहे. आठपासून चारपर्यंत नऊ चौकटी, नऊ सह्या, सगळ्या माझ्या. कोपऱ्यातल्या तिकिटावरचा शिक्का तुम्हाला चष्म्याशिवायही वाचता येईल: आजची तारीख, सकाळी नऊ पन्नास. अकरा अजून वाजायचे आहेत. चारही वाजायचे आहेत. फरशी मात्र चार वाजेपर्यंत कोरडी आहे.

इथून मी मॅनेजरकडे जाणार नाही, वकीलबाईंकडे जाणार आहे. चहाचं, तेलाचं, बोर्डाचं, सगळं सांगणार आहे. पण मी मला ओळखते. वाटेत मुलींची शाळा लागते, आणि तिथे मी कच खाईन. म्हणून हा कागद आधी रजिस्टरने तुमच्याकडे धाडते. मी पोचले नाही तरी तो पोचेल. तुम्ही तो वकीलबाईंना दाखवायचा. माझ्यासाठी पुन्हा 'खोलीतून' म्हणायचं नाही. म्हणालात तर मी तुमच्या दारात कधी पाऊल ठेवणार नाही.

चालू लागलात की पहिलं टपाल आमच्या घरी आणा. नुसतं विजेचं बिल असलं तरी चालेल.

मागच्या नऊ सह्या काम करण्याआधीच्या आहेत. खालची ही एक सगळं लिहून झाल्यावर करते आहे.

गडबडे